नववा प्रश्न

लव्हाळं पाण्याखाली एक वीत कापावं लागतं. त्याहून वर कापलं तर चटईला लांबी पुरत नाही, आणि फार खाली कापलं तर पुढच्या वर्षी फुटवा येत नाही. पाणी गढूळ असतं, त्यामुळे विळा कुठे आहे हे डोळ्यांनी नाही, मनगटाने ओळखायचं. बापाला गावात सगळे लांब्या म्हणत. पाणी त्याच्या छातीला लागे तिथे आईच्या हनुवटीला लागायचं. म्हणून तो पुढे कापायचा आणि ती मागून तरंगते देठ गोळा करून पेंढी बांधायची, पेंढी होडीत टाकायची. होडी धरायला तिसरं माणूस लागतं. धरली नाही तर ती वाऱ्याने उभ्या लव्हाळ्यात शिरते आणि देठ मोडते.

थोरलीचं लग्न होऊन ती तळ्यापलीकडे गेली होती. तिसरं माणूस म्हणजे धाकटी, सोळा वर्षांची. ती महिन्यापासून घरात भिंतीकडे तोंड करून पडून होती.

आईने होडीचा दोर स्वतःच्या कमरेला बांधला होता. वारा आला की होडी तिला मागे ओढायची, ती दोन पावलं जायची, चिखलात पाय रोवून परत यायची.

"सोड तो दोर," बाप म्हणाला. "कंबर जाईल."

"कंबर गेली तर माझी गेली. होडी गेली तर तुमची बहीण वर्षभर ऐकवेल."

तुरे अजून हिरवट होते. ते तपकिरी होऊन फुटले की देठ आतून सुकतो आणि वाळवताना तडकतो. त्याआधी कापायला चाळीस दिवस मिळतात. त्यातले तेवीस गेले होते, आणि काठावर उभ्या केलेल्या पेंढ्या दरवर्षीच्या निम्म्याही नव्हत्या. तळ्यातला आपल्या वाट्याचा पट्टा कापला नाही तर गाव तो पुढच्या वर्षी दुसऱ्याला देतं. काठावरच्या अकरा घरांपैकी दोन घरांचे पट्टे असेच गेले होते, आणि ती घरं आता रिकामी होती.

दुपारी ते वर आले तेव्हा आईने दोर सोडला. कमरेवर दोन बोटं रुंदीचा लाल पट्टा उमटला होता. तिने त्यावर पदर ओढला, पायाच्या बोटांमधल्या चिखल्या फडक्याने टिपल्या आणि आत डोकावली. धाकटी तशीच होती. गालावर चटईची वीण उमटली होती. ताटलीतला भात वरून वाळून पिवळा पडला होता.

"दोन घास तरी गेले का?" तिने नणंदेला विचारलं. बापाची थोरली बहीण बाहेर मागावर बसली होती. तिला सगळा काठ आत्या म्हणायचा.

"माशीने खाल्ले," आत्या म्हणाली. फणी ठोकत राहिली. "तिच्या वयात मी दोनदा पळून गेले होते. ही निदान जागेवर तरी आहे."

नर्सबाई पहिल्यांदा आली ती त्याच दिवशी. गावातल्या आरोग्य केंद्रात ती नवीन होती, पंचविशीची असेल. बांध निसरडा म्हणून सायकल हाताने ढकलत आली, दारात चपला काढल्या, पायाला चिखल लागला होता म्हणून आत यायला संकोचली.

"या," आत्या म्हणाली. "आमच्या घरात चिखल बाहेरून येत नाही, आतच असतो."

बाईने चटईवर मांडी घातली. दिलेलं पाणी सगळं प्यायली. हे आईच्या लक्षात आलं. गावातलं कुणी काठावर आलं तर पाण्याचा तांब्या हातात धरून बोलायचं आणि तसाच खाली ठेवायचं.

"शाळेतून कळवलं मला," बाई म्हणाली. "महिना झाला, मुलगी वर्गात नाही."

"ताप नाही," आई म्हणाली. गावच्या भाषेत ती तुकड्यातुकड्यांनी बोलायची. घरात सगळे काठाची बोली बोलत. "पोट नाही. पाळी नीट."

"शरीराचं नसेल. मनाचं असेल. आता केंद्रात त्याचीही सोय झाली आहे. तरुण मुलामुलींसाठी आणि घरच्यांसाठीही."

"मनाला सुई कुठे टोचतात?" आत्याने विचारलं.

बाई हसली. "टोचत नाहीत. बोलतात."

"मग आमच्या भावजयीला ठेवा नोकरीला. पाण्यात तोंड बुडालं तरी बोलते."

बाप दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. तो हसला नाही. बाईने त्याच्याकडे वळून विचारलं, "तुमच्यात असं कुणाला झालं तर काय करता?"

हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. गावाने त्याला पेंढ्या किती, चटई कधी, बाजूला हो, एवढंच विचारलं होतं.

"पडू देतो," तो म्हणाला.

"मग?"

"मग माणूस उठतं. काम असतंच."

बाईने ते वहीत लिहिलं. मग ती आत जाऊन धाकटीपासून हातभर अंतरावर बसली. शिवली नाही. शाळेत काही झालं का, एवढंच हळू आवाजात विचारलं. धाकटीने पांघरूण कानावर ओढलं.

"शाळेत काय व्हायचं?" आई दारातून म्हणाली. "शाळेत नुसतं बसायचं असतं."

जाताना बाई म्हणाली, मी पुढच्या आठवड्यात येईन, काही प्रश्न आहेत, साधेच आहेत. ती बांधावरून दिसेनाशी झाल्यावर आत्याने तिचं नाव वहीबाई ठेवून टाकलं.

पाचव्या दिवशी सकाळी आई उठली तर धाकटी जागेवर नव्हती. ती मागच्या बाजूला उकिडवी बसून केस विंचरत होती. केसांची जट झाली होती, फणी अर्ध्यात अडकत होती. आई तेलाची बाटली आणून शेजारी बसली. दोघींनी मिळून तासभर ती जट सोडवली. जी सुटेना ती आईने विळ्याने कापली.

"दुखतं?"

"नाही."

महिन्याभरातला हा पहिला शब्द. आईने तो ऐकला न ऐकल्यासारखं केलं. जनावर पाणी प्यायला आलं की आपण हलायचं नसतं, तसं.

जट सुटल्यावर धाकटीने तळ्याकडे बघितलं. बाप होडीतलं पाणी उपसत होता. "मी पाण्यात जाते," ती म्हणाली.

काठाच्या बोलीत कामाला वेगळा शब्द नाही. पाण्यात जाणं म्हणजे कामाला जाणं. आत्याचा जावई शहरात दुकानात बसायचा, तर आत्या सांगायची, जावयाचं पाणी तराजूचं आहे. शाळेच्या मास्तरचं पाणी खडूचं. म्हातारं माणूस थकलं की म्हणायचं, आता माझं पाणी संपलं.

"आज नको," आई म्हणाली. "पायात जीव नाही तुझ्या. दोन दिवस खा, मग जा."

पण ती स्वतः पाण्यात उतरताना बापाला हाक मारून म्हणाली, "ऐकलंत का? पाण्यात जाते म्हणाली." बापाने मान हलवली आणि विळा घेऊन दगडाशी बसला. धाकटीचा विळा लहान होता, महिन्याभरात त्यावर गंज धरला होता. त्याने तो राख लावून घासला, अंगठ्यावर धार बघितली आणि कुडात खोचून ठेवला. त्या दिवशी त्याने रोजच्यापेक्षा सहा पेंढ्या जास्त कापल्या.

तीन दिवस धाकटी रोज सकाळी तेच म्हणाली. तीन दिवस आईने तिला थांबवलं. चौथ्या दिवशी सकाळी पोरीने परत तेच म्हटलं, आणि दुपारी वहीबाई आली.

तिच्याजवळ छापील कागद होता. अकरा प्रश्न. तो कागद तयार करायला दोन वर्षं लागली होती. आधीचे प्रश्न शहरातून आले होते आणि ते ऐकून लोक उठून जायचे. म्हणून केंद्राच्या माणसांनी गावात घरोघर जाऊन, म्हाताऱ्यांना, बायकांना विचारून, लोकांच्या तोंडचे शब्द घेतले होते. गावात स्वतःच्या हाताने जीव देण्याला कुणी तसं म्हणत नसे. कुठल्या घरी झालंच, तर आवाज खाली आणून एवढंच म्हणत, की तो पाण्यात गेला. मग माणूस तळ्यात सापडलेला असो की आणखी कुठे. नववा प्रश्न त्या शब्दांत होता. काठावरच्या घरांना काही विचारलं नव्हतं. काठाची भाषा ती आपलीच भाषा, फक्त जाड जिभेने बोललेली, असं गावात सगळेच मानत. आणि गाव आपल्या मयतांबद्दल काठावर येऊन बोलत नसे.

धाकटी चटईवर बसली होती, धुतलेल्या कपड्यांत, केस बांधून. आई शेजारी, आत्या मागावर, बाप दारात. बाईने आधी विचारलं, घरच्यांसमोर चालेल ना? धाकटीने खांदे उडवले.

"झोप लागते?"

"लागते."

"भूक?"

"जरा."

"मन कशात लागतं?"

धाकटी चटईची कड नखाने उकलत राहिली. बाईने थांबून पुढचा प्रश्न घेतला. पाचव्याला हो आलं, सहाव्याला नाही, सातव्या-आठव्याला कधी कधी. आई प्रत्येक उत्तराला मान हलवत होती, पोरगी तोंडी परीक्षा देते आहे आणि पास होते आहे असं तिला वाटत होतं.

नवव्याला बाईचा आवाज खाली आला. "कधी पाण्यात जावंसं वाटतं?"

"हो," धाकटी म्हणाली.

आईचा चेहरा उजळला.

बाईचं पेन कागदावर टेकलेलं राहिलं. "कधीपासून?"

"चार दिवस."

"रोज म्हणते," आई मध्येच म्हणाली. तिला गावच्या भाषेत इतकं सलग बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. "रोज सकाळी. मीच थांबवलं. म्हटलं, अंगात ताकद येऊ दे, मग जा."

बाईने तिच्याकडे बघितलं. "तुम्हाला माहीत आहे?"

"मग? आम्हीच शिकवलं तिला. सहा वर्षांची होती."

"आम्ही सगळेच जातो," आत्या मागावरून म्हणाली. "माझे गुडघे गेले म्हणून, नाहीतर मीही गेले असते आज."

बाई बापाकडे वळली. त्याला वाटलं, आपणही काही बोलायला हवं. बाई भली होती, पाणी प्यायली होती. त्याने कुडातून विळा काढून दाखवला. "घासून ठेवलाय," तो म्हणाला. "तिच्यासाठी."

बाई उठली. तिने धाकटीला काहीतरी विचारायला तोंड उघडलं, पण विचारलं नाही. बाहेर जाऊन बांधावर पाठ करून फोनवर बोलत राहिली. बोलताना ती एका हाताने सायकलची सीट घट्ट धरून होती.

"नापास झाली का?" आत्याने विचारलं.

धाकटी आईकडे बघत होती, मग जमिनीकडे. तिचे कान लाल झाले होते. आई पुढे किती दिवस ते कान आठवत राहिली.

गाडी तासाभरात आली. बांधावर ती येत नाही म्हणून रस्त्यालाच थांबली आणि दोन माणसं आणि एक बाई चालत आली. घाई नव्हती, आरडाओरडा नव्हता. सगळे हळू आणि गोड बोलत होते, आणि त्यामुळे नाही कुठे म्हणायचं ते बापाला कळेना. त्याला समजलं एवढंच, की मुलीला तालुक्याच्या दवाखान्यात नेणार, काही दिवस ठेवणार, बोलणार.

"ताकदीचं औषध देतील?" त्याने विचारलं.

"देतील," नर्सबाई म्हणाली. तिचे डोळे भरले होते. तिने आईचा हात धरला. "तुमची चूक नाही. पण आता तिला इथे ठेवता येणार नाही."

आईला तिने हात का धरला ते कळलं नाही. तिने तो सोडवून घेऊन धाकटीची फणी शोधायला सुरुवात केली.

गाडीपाशी सोबत आलेल्या बाईने फणी परत दिली. धाकटीच्या केसांची रिबीन सोडली, सलवारीची नाडी काढून तिथे रबर घालून दिलं, आणि दोन्ही वस्तू कागदाच्या पिशवीत घालून बापाच्या हातात दिल्या. आता केस बांधायला काही नव्हतं. धाकटी एका हाताने केस धरून गाडीत चढली. बांधावर पोरं जमली होती. गावाकडून आलेल्या एका मुलीने, धाकटीच्याच वर्गातल्या, तोंडावर हात ठेवून बेडकासारखा आवाज काढला. दुसऱ्या दोघी हसल्या. बापाने ते ऐकलं. हा आवाज धाकटी शाळेत रोज ऐकत असणार, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं. गाडी निघून गेली होती.

दवाखान्यात भेटायला रोज एक तास मिळायचा. दोघं सकाळी निघून दुपारी पोचत आणि एक तास बसून परत येत. लव्हाळं उभं होतं. आत्याने एकदा गुडघ्याला फडकी बांधून पाण्यात उतरून बघितलं आणि शेजाऱ्यांनी तिला ओढून बाहेर काढलं. "मला काढायला चौघं लागली," ती सांगायची, "कापायला एकही येत नाही." शेजाऱ्यांचे आपले पट्टे होते. तुऱ्यांवर तपकिरी रंग चढू लागला होता.

वॉर्डात धाकटीची खाट खिडकीपासून लांब होती. ती झोपून असायची. औषधाने जीभ जड झाली होती, ओठांच्या कडा सुकून पांढऱ्या पडल्या होत्या. आई तिच्या पायांवर हात फिरवायची. इतके दिवस कोरडे राहून ते पाय मऊ झाले होते. बापाला बसायला जागा नसायची. तो खाटेच्या पायथ्याशी उभा राहायचा आणि आल्यागेल्याला वाट द्यायला पोट आत घ्यायचा.

"तुमच्या कपड्यांना चिखलाचा वास येतो," तिथल्या आयाने एकदा सांगितलं. रागाने नाही. दुसऱ्या दिवशी दोघं धुतलेले, न वाळलेले कपडे घालून आले.

चौथ्या दिवशी मोठ्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना थांबायला सांगितलं. साठीच्या होत्या, चष्मा कपाळावर. त्यांनी खाटेजवळ स्टूल ओढून घेतलं, आईला दुसरं दिलं आणि बापासाठी खुर्ची मागवली. खुर्ची येईपर्यंत त्या बोलल्या नाहीत.

"मला एक सांगा," त्या म्हणाल्या. "इथे लिहिलंय, वडिलांनी हत्यार तयार ठेवलं होतं. असं बापाने का करावं, ते मला समजत नाही."

"हत्यार नाही. विळा," बाप म्हणाला. "पाण्यात जायचं तर विळा लागतो."

"कशाला?"

"कापायला."

"काय?"

"लव्हाळं." तो थांबला. बाईंचा चेहरा बघून त्याला वाटलं, यांना तळं माहीत नसेल. त्याने हाताने पाण्याची उंची दाखवली, वाकून कापून दाखवलं, पेंढी बांधून दाखवली. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बघायला लागली.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा खाली घेतला. "पाण्यात जाणं म्हणजे कामाला जाणं?"

"मग दुसरं काय?" आई म्हणाली.

मग डॉक्टरीणबाईंनी दुसरं काय ते सांगितलं. अगदी साध्या शब्दांत. आईला ते समजायला थोडा वेळ लागला. बापाने तिला काठाच्या बोलीत परत सांगितलं, आणि सांगता सांगता आपण नर्सबाईला काय काय बोललो ते त्याला एकेक करून आठवलं. विळ्याशी आल्यावर तो डॉक्टरीणबाईंकडे वळला.

"चूक झाली," तो म्हणाला. "आमची भाषा कच्ची. माफी करा. आता नेतो तिला. अजून पाच-सहा दिवस आहेत, निम्मा पट्टा होईल."

"चूक तुमची नाही. आमच्या कागदाची आहे." बाईंनी कागद काढून नववा प्रश्न वाचला. मग बराच वेळ बोटाने त्याच्यावर टकटक करत राहिल्या. "ही गावच्या शाळेत जाते ना?"

"दहा वर्षं. काठावर एवढं शिकलेली ती एकटीच."

"म्हणजे गावात या शब्दांचा काय अर्थ होतो, ते तिला माहीत असणार."

बापाने खुर्ची जरा मागे सरकवली.

"नर्सने गावच्या भाषेत विचारलं. तिने गावच्या भाषेत हो म्हटलं. आता मला सांगा, ते हो कुठल्या भाषेतलं?"

आईने बापाकडे बघितलं. त्याला ती सकाळ आठवली, केस विंचरून झाल्यावर धाकटीने तळ्याकडे बघत 'मी पाण्यात जाते' म्हटलेलं. ते तर बोलीतच म्हटलं होतं, आईशीच म्हटलं होतं. पण जिला दोन्ही भाषा येतात, ती बोलताना कुठलं मनात धरते, हे त्याला कसं कळणार? तो मुलीकडे बघत राहिला. सोळा वर्षांत ती त्याला इतकी अनोळखी कधी वाटली नव्हती.

"बोल ना," आई बोलीत म्हणाली. "सांग यांना, काम म्हणून. सांग, म्हणजे सोडतील."

धाकटीने ओठ ओले केले.

"तिला शिकवू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हळू. बोली त्यांना येत नव्हती, पण आवाज कळला होता. "मी तिला तुमच्याच बोलीत विचारायला हवं होतं. ती बोली येणारं, घराबाहेरचं कुणी माणूस आहे?"

"नाही."

"मग शब्द तरी सांगा. जीव देण्याला तुमच्या बोलीत काय म्हणतात?"

"नाही म्हणत," बाप म्हणाला.

"म्हणजे?"

"तो शब्दच नाही आमच्यात. आमच्यात कुणी करत नाही तसं."

आईनेही मान हलवली. डॉक्टरीणबाईंनी लिहायला पेन उघडलं.

"आहे," धाकटी म्हणाली.

तिने तो शब्द उच्चारला. दोन अक्षरांचा होता. आईचा हात तिच्या पायावरून उचलला गेला आणि हवेतच राहिला. बापाने तो शब्द आयुष्यात एकदा ऐकला होता, लहानपणी, भांडणात, कुणीतरी आत्याच्या तोंडावर फेकलेला, आणि त्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी पोरांना बाहेर हाकललं होतं. आत्या दोनदा पळून गेली होती असं ती नेहमी हसत सांगायची. कुठे पळाली होती, ते कुणी विचारत नसे.

"तुला कुणी सांगितला?" आईने विचारलं.

धाकटीने तिच्याकडे बघितलं नाही. "कसा लिहायचा?" डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं. तिने हात पुढे केला. बाईंनी पेन दिलं. तिने गावच्या लिपीत तो शब्द लिहिला, एक मात्रा खोडली, पुन्हा लिहिली. बोलीतला शब्द लिहिलेला बापाने कधी पाहिला नव्हता. त्याला तो वाचता येईना.

"आता मी हा शब्द घालून नववा प्रश्न पुन्हा विचारते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चालेल?"

धाकटी थोडा वेळ कागदाकडे बघत होती. मग गावच्या भाषेत, वर्गात उत्तर देतात तशा स्वच्छ आवाजात ती म्हणाली, "यांना बाहेर पाठवा."

बाप खुर्चीवरून लगेच उठला. खुर्ची परत जागेवर ठेवायची की तशीच राहू द्यायची, ते त्याला ठरवता येईना, म्हणून तो ती धरून उभा राहिला. आयाने ती त्याच्या हातातून घेतली. आई उठत नव्हती. त्याने तिच्या दंडाला धरून तिला उठवलं, आणि त्यांच्या मागे दार लागलं.

बाहेर बाक होता. ते बसले. दारामागे डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, मग धाकटीचा. शब्द कळत नव्हते. ती सलग बोलत होती. इतकं सलग ती घरात कधीच बोलली नव्हती, महिन्यापूर्वीही नाही.

"काय सांगते?" आईने विचारलं.

"ऐकू येत नाही."

"कुठल्या भाषेत सांगते, ते तरी कळतं का?"

त्याने कान दिला. व्हरांड्याच्या त्या टोकाकडून एक बाई बादली आणि फरशी पुसायचं फडकं घेऊन येत होती. ती त्यांच्यापाशी आली आणि म्हणाली, "पाय वर घ्या."

दोघांनी पाय वर घेतले. तिने बाकाखालून पुसून घेतलं आणि पुढे गेली. दारामागे मुलगी बोलत होती. पाय खाली ठेवायला कुणी सांगितलं नाही, म्हणून दोघं तसेच पाय अधांतरी धरून बसून राहिले.